दप्तर कोणाचे, दप्तरदार कोण?

जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाचे लेणे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिच्या नावाशी जोडला गेलेला जो लेख आहे, त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेची मोजदाद आहे. गायी किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण किती, असा तो हिशेब आहे. आणि आकडे लिहिण्याच्या इतिहासात त्याला मोठे मानाचे स्थान आहे. दगडावर कोरलेला हा हिशेब सुमारे दोन हजार वर्षे जागचा हललेला नाही. परंतु त्यातील पुष्कळ शतके तो असून नसल्यासारखाच होता. कारण ब्राह्मी लिपी वाचणाऱ्यांची परंपरा तुटलेली होती. १८३० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कोठे अशा लेखांना पुन्हा वाचा फुटली.

एखादी नोंद टिकणे ही एक गोष्ट आणि ती वाचता येणे ही दुसरी गोष्ट. आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे, त्याचे मूळ याच भेदात आहे. विषय वरकरणी अगदी आधुनिक दिसेल. आपल्या कारखान्यात, बँकेत, पतसंस्थेत वीसपंचवीस वर्षांपूर्वी बसविलेली संगणकप्रणाली आता जुनी झाली. ती बनविणारा निघून गेला किंवा त्याने तिची जबाबदारी सोडली. परंतु तिच्यावाचून एक दिवसही काम चालत नाही. अशा वेळी बाहेरच्या एखाद्या मंडळीकडे तिची देखभाल सोपवावी लागते. ती मंडळी कशी निवडावी? हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे, अशी समजूत आहे. ती समजूत बरोबर नाही, आणि इतिहासाने ती अनेकदा खोटी पाडली आहे, हे मला दाखवावयाचे आहे.

प्रथम आपल्या गावाच्या नावाकडेच पाहा. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे अवसरी आहे. ‘तर्फ’ हा जुन्या महसुली व्यवस्थेतील विभाग. ती व्यवस्था कधीच गेली. परंतु एका पारगावाला दुसऱ्या पारगावापासून वेगळे ओळखण्यासाठी तो शब्द सरकारी कागदात आजही लागतो. उद्या एखाद्या उत्साही माणसाने ‘हा जुना शब्द कशाला हवा?’ म्हणून तो यादीतून काढून टाकला, तर एका गावाच्या नोंदी दुसऱ्या गावाच्या खात्यात जाऊन बसतील. जुन्या पद्धतीत जे निरुपयोगी वाटते त्याला पुष्कळदा काही कारण असते, आणि ते कारण ठाऊक असलेला माणस सहसा कारकून असतो.

आपल्या गावगाड्यात हा कारकून म्हणजे कुलकर्णी. जमीन कोणाची, आकार किती, बाकी किती, हे सारे त्याच्या दप्तरात असे. दप्तर गावाचे, पण रुमालात बांधून ठेवलेले कुलकर्ण्याच्या घरी. आणि लिहिलेले मोडीत. जो मोडी वाचू शकत नसे, त्याला स्वतःच्या जमिनीची हकीकत कुलकर्ण्याच्या तोंडून ऐकावी लागे. कित्येक कुलकर्णी सचोटीचे होते, यात शंका नाही. परंतु व्यवस्थेचा दोष माणसाच्या सचोटीने झाकला जातो, नाहीसा होत नाही. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. पगारी तलाठ्याच्या हाती दप्तर असणे हा सर्वत्र नियम झाला. वंशपरंपरेने आलेला दप्तरदार जाऊन बदली होऊ शकणारा दप्तरदार आला. बदली होऊ शकणे, हा त्यातील महत्त्वाचा फरक होता. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता संगणकाकडे वळू. आपल्या देशात व्यापारी कामासाठी संगणक प्रथम आला तो मुंबईस. एस्सो या तेलकंपनीने १९६१ मध्ये आय.बी.एम. कंपनीचे १४०१ या नावाचे यंत्र बसविले. त्याची स्मृती चौदाशेपासून सोळा हजार अक्षरांपर्यंत असे. म्हणजे आजच्या या व्याख्यानाचा मजकूरही त्यात धड मावला नसता. परंतु पगारपत्रके, बिले आणि साठ्याचे हिशेब यांना ते पुरे. पुढील दहा-पंधरा वर्षांत गिरण्या, विमा, रेल्वे, सरकारी खाती यांच्याकडे अशी यंत्रे आली. त्यांच्या येण्याने नोकऱ्या जातील, म्हणून आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी मोठा विरोध केला. सरकारने १९६९ मध्ये या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर होते, आणि १९७२ मध्ये तिचा अहवाल आला. संगणक घ्यावा की न घ्यावा, यावर इतका खल झाला. घेतल्यावर त्याची निगा कोण राखील, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

न विचारण्याचे कारण उघड होते. ही यंत्रे बहुधा विकत दिली जात नसत. ती भाड्याने दिली जात. यंत्र आय.बी.एम.चे, दुरुस्ती करणारा इंजिनियर तिचाच, सुटे भाग तिचेच. मासिक भाडे भरावे आणि निश्चिंत असावे. अमेरिकेत या पद्धतीला १९५६ मध्येच आळा बसला होता. तेथील सरकारशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार यंत्रे विकतही देणे आणि स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग पुरविणे आय.बी.एम.वर बंधनकारक झाले. यंत्र बनविणारा आणि यंत्राची निगा राखणारा हे दोन वेगळे असू शकतात, ही गोष्ट तेथे कायद्याने मान्य झाली. आपल्याकडे मात्र परदेशात मागे पडलेली जुनी यंत्रे दुरुस्त करून येथे भाड्याने दिली जातात, अशी टीका संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत पोहोचली, ती १९७५-७६ मध्ये.

त्याच सुमारास परकीय चलन नियमन कायदा, १९७३ याची अंमलबजावणी कडक होऊ लागली. परदेशी कंपन्यांनी येथील व्यवसायातील आपला हिस्सा सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांवर आणावा, असा आग्रह होता. आय.बी.एम.ने ते मानले नाही आणि १९७८ मध्ये तिने भारतातील आपला कारभार आवरला. त्या दिवशी ज्यांच्याकडे तिची यंत्रे होती त्यांची स्थिती काय झाली असेल, याची कल्पना करावी. यंत्र जागेवर आहे, पगाराची तारीख जवळ येत आहे, आणि ज्याच्या भरवशावर यंत्र चालत होते तो देश सोडून निघाला आहे.

सुदैवाने एक तजवीज आधी झालेली होती. भारत सरकारने १९७५ च्या अखेरीस संगणकांच्या देखभालीसाठी एक कंपनी काढली होती. तीच पुढे कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सी.एम.सी., या नावाने ओळखली गेली. आय.बी.एम. गेल्यावर देशभरातील ८०० हून अधिक ठिकाणच्या यंत्रांची देखभाल तिने अंगावर घेतली. आय.बी.एम.च्या काही माजी कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल डेटा मॅनेजमेंट ही दुसरी कंपनी काढली. या दोन घटनांचे महत्त्व फार आहे. ज्याने यंत्र बनविले नाही तोही ते चालते ठेवू शकतो, हे आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले. एवढेच नव्हे, तर सी.एम.सी.कडे अनेक बनावटींची यंत्रे आली, आणि निरनिराळी यंत्रे उघडून पाहणारा माणूस एकाच कंपनीच्या माणसापेक्षा अधिक जाणता होतो. रेल्वेच्या आरक्षणाची संगणकप्रणाली आणि १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारात आलेली ‘बोल्ट’ ही व्यवहारप्रणाली याच देखभाल करणाऱ्या कंपनीने उभारली.

परंतु या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. २००१ मध्ये सरकारने सी.एम.सी.तील आपला ५१ टक्के हिस्सा टाटांना विकला, आणि २०१५ मध्ये ती कंपनी टी.सी.एस.मध्ये विलीन झाली. त्यात वावगे काही झाले असे नव्हे. पण सरकारी कंपनी म्हणजे कायमची, असे ज्यांनी मानले होते त्यांनाही दप्तरदाराचा मालक बदललेला पाहावा लागला. बनविणारा जातो, तसा राखणाराही जाऊ शकतो. म्हणून देखभाल करणारा निवडताना ‘हा किती मोठा आहे?’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ‘हा गेला तर आमचे काय राहील?’ हा प्रश्न त्याच्याबरोबर विचारावयास हवा.

येथपर्यंत मी लोखंडी यंत्राविषयी बोललो. पण १९६९ मध्ये आय.बी.एम.ने अमेरिकेत जाहीर केले की, यापुढे यंत्राची किंमत निराळी आणि प्रोग्रामची व सेवेची किंमत निराळी राहील. तेव्हापासून प्रोग्राम ही स्वतंत्र विकण्याची वस्तू झाली. यंत्रे स्वस्त झाली, बदलणे सोपे झाले. पण प्रोग्राम जुने होऊनही बदलता येईनात. कारण प्रोग्राममध्ये केवळ बेरीज-वजाबाकी नसते, त्या संस्थेचे नियम असतात. कोणत्या कर्जाला कोणता व्याजदर, कोणती कपात आधी आणि कोणती नंतर, कोणत्या सभासदाला कोणती सवलत. हे सारे वर्षानुवर्षे त्यात भरत जाते. ठराव झाला त्या सभेचे इतिवृत्त हरवते, ठराव करणारे संचालक जातात, आणि नियम फक्त प्रोग्रामात उरतो. म्हणूनच जुना प्रोग्राम हे आजचे मोडी दप्तर आहे.

याची जगाला जाणीव झाली ती १९९० च्या दशकात. जुन्या काळी ८० रकान्यांच्या पत्रिकेवर माहिती भोके पाडून लिहीत. जागा वाचावी म्हणून सालाचे दोनच आकडे लिहिण्याची रीत पडली. ९७ साली घेतलेले आणि ०२ साली फिटणारे कर्ज यंत्राने मोजले, तर २ मधून ९७ वजा करून ते उणे ९५ वर्षे सांगणार! ही चूक लक्षावधी प्रोग्रामांत दडलेली होती, आणि ते लिहिणारे पुष्कळसे निवृत्त झालेले होते. अमेरिका-युरोपातील बँकांना व विमाकंपन्यांना तेव्हा बाहेरचा दप्तरदार शोधावा लागला, आणि त्यांनी तो मोठ्या प्रमाणावर आपल्या देशात शोधला. मुंबईच्या टी.सी.एस. आणि पटनी या कंपन्या, तसेच १९८१ मध्ये पुण्यात स्थापन होऊन पुढे बंगलोरला गेलेली इन्फोसिस, यांना या जुन्या प्रोग्रामांच्या निगराणीने फार मोठे काम दिले. आपली मुले परक्यांची दप्तरे वाचून मोठी झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

या कामाची पद्धत पाहण्यासारखी होती. प्रथम प्रोग्राम वाचावयाचा, कोठे कोठे तारीख येते याची यादी करावयाची, मग दुरुस्ती, आणि नंतर जुन्या व नव्या प्रोग्रामला तीच माहिती देऊन उत्तरे जुळतात की नाही हे पाहावयाचे. दुरुस्तीपेक्षा वाचन आणि तपासणी यांनाच अधिक वेळ लागे. यावरून चांगला दप्तरदार ओळखण्याची एक खूण मिळते. जो येताक्षणीच ‘हे सारे टाकाऊ आहे, नवे घ्या’ म्हणतो तो, आणि जो न वाचताच ‘सारे सांभाळू’ म्हणून दर सांगतो तो, या दोघांपासून सावध राहावे. जो म्हणतो, ‘आधी महिनाभर मला पाहू द्या, काय आढळले ते तुमच्या भाषेत लिहून देतो, मग दर ठरवू,’ त्याच्याशी बोलणे पुढे न्यावे.

‘जुने टाकून नवेच का घेऊ नये?’ असा प्रश्न कोणी विचारील. कधीकधी तेच योग्य असते. परंतु घाई कशी अंगाशी येते, याचे उदाहरण इंग्लंडमधील टी.एस.बी. बँकेने घालून दिले आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिने सर्व ग्राहकांची खाती एका झपाट्यात नव्या प्रणालीवर नेली; सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकांनी तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. आणि बाहेरून सेवा देणाऱ्यावर बँकेने नीट देखरेख ठेवली नाही, हाही त्यातील एक ठपका होता. नवे घ्यावयाचे झाले तरी जुन्याचा जाणकार आधी लागतो, तो असा.

आता आपल्या अंगणात येऊ. पारगावाजवळ दत्तात्रयनगरास भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. जुन्नरकडे शिरोलीजवळ निवृत्तीनगरास विघ्नहर कारखाना आहे. कोणत्या कारखान्यात कोणता प्रोग्राम आहे, हा माझा विषय नव्हे. सहकारी साखर कारखाना म्हटला की त्याचा हिशेब कसा असतो, हे मात्र आपण सारे जाणतो. लागणीची नोंद, तोडणीचा क्रम, चिटबॉयची चिठ्ठी, टोळी आणि मुकादमाची उचल, वजनकाट्यावरची पावती, आणि शेवटी ऊसबिल. त्या बिलातून विकास सोसायटीचे कर्ज कापावयाचे, इतर येणे कापावयाचे, आणि उरलेली रक्कम सभासदाच्या खात्यात घालावयाची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत पैसे द्यावयाचे असतात. उशीर झाल्यास त्या काळापुरते वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. म्हणजे एक लाख रुपये महिनाभर अडले तर साडेबाराशे रुपये व्याज झाले. हंगामाच्या ऐन भरात प्रोग्राम बंद पडला, तर गव्हाणीत ऊस पडतच राहतो. पण कोणाचा किती पडला हे सांगणारा कोणी उरत नाही. प्रश्न तंत्रज्ञांचा नाही, असे मी म्हटले ते याच अर्थाने. तो उसाच्या पैशाचा प्रश्न आहे.

या बाबतीत वारणेचा अनुभव बोलका आहे. १९९८ मध्ये केंद्र व राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत संगणककेंद्रे उभारली. शेतकऱ्याला शेतीचे ज्ञान, बाजारभाव, सरकारी कामे, सारे तेथे मिळावे, असा मोठा संकल्प होता. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिले, तेव्हा त्या केंद्रांचा उपयोग मुख्यतः एकाच कामासाठी होत असल्याचे आढळले. आपला ऊस किती भरला, पैसे किती झाले, हे विचारण्यासाठी लोक तेथे येत. जुनी यंत्रे सांभाळणे महाग आणि त्रासाचे झाले होते. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यांच्या जागी साध्या मोबाइलच्या संदेशांवर चालणारी रचना काही गावांत करून पाहिली, आणि तेच काम थोड्या खर्चात होऊ लागले. येथे बाहेरून आलेल्या मंडळींनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता, की लोक याचा उपयोग कशासाठी करतात? देखभालीचा करार करण्यापूर्वी हा प्रश्न प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारावा. प्रणालीच्या वीस कलमांपैकी चारच वापरात असतील, तर देखभालीचे पैसे वीस कलमांचे का मोजावे?

आपल्याकडील अनेक लहान संस्थांचे प्रोग्राम फॉक्सप्रो नावाच्या साधनात लिहिलेले होते. ते साधन मूळ फॉक्स सॉफ्टवेअर या कंपनीचे. १९९२ मध्ये ते मायक्रोसॉफ्टकडे आले. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची पुढची आवृत्ती काढणार नाही असे सांगितले, आणि १३ जानेवारी २०१५ रोजी त्याचा आधार पूर्णपणे थांबविला. याचा अर्थ त्या दिवशी प्रोग्राम बंद पडले असा नव्हे. ते चालतच राहिले. फक्त वरून मदत येणे बंद झाले. बहुतेक ठिकाणी ते लिहिणारा एखादा हुशार तरुण होता. तो पुढे दुसरीकडे गेला, किंवा त्याच संस्थेत राहून आता निवृत्तीस आला. घरचा माणूस म्हणून त्याच्यावर विश्वास टाकला जातो, आणि तो योग्यही असतो. पण सारे ज्ञान एकाच्याच डोक्यात राहिले, तर घरचा काय आणि बाहेरचा काय, संस्था त्याच्या स्वाधीन झाली. कुलकर्ण्याचे दप्तर पुन्हा कुलकर्ण्याच्या घरी गेले.

आणखी एक गोष्ट हक्काची आहे. प्रोग्राम वापरण्याचा परवाना आणि तो बदलण्याचा हक्क हे दोन निराळे. अमेरिकेत सॅप कंपनीने २००५ मध्ये टुमॉरोनाऊ नावाची संस्था विकत घेतली. ती प्रतिस्पर्धी ओरॅकलच्या प्रोग्रामांची देखभाल स्वस्तात करीत असे. देखभाल करताना तिने ओरॅकलच्या प्रोग्रामच्या नकला बेकायदा वापरल्याचे निघाले. २००८ मध्ये ती संस्था बंद करावी लागली आणि २०१४ मध्ये प्रकरण सुमारे ३५ कोटी ७० लाख डॉलरवर मिटले. २०१० मध्ये ओरॅकलने रिमिनी स्ट्रीट या दुसऱ्या देखभाल कंपनीवर दावा लावला. तेथेही २०१५ मध्ये ज्यूरीने ओरॅकलच्या बाजूने भरपाई दिली. तरीही रिमिनी स्ट्रीटचा धंदा चालू राहिला, हे लक्षात घ्यावे. बाहेरच्याने देखभाल करणे हा गुन्हा नव्हे. दुसऱ्याच्या मालाची परवानगीवाचून नक्कल करणे हा गुन्हा आहे. म्हणून जो स्वस्तात देखभाल करू म्हणतो त्याला, ‘तुम्ही काम कोणत्या प्रतीवर करणार, आणि तो हक्क तुम्हांला कोणी दिला?’ असे विचारावे. आणि नवा प्रोग्राम करून घेताना त्याचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो संस्थेच्या तिजोरीत राहील असे करारातच लिहून घ्यावे.

एकच दप्तरदार अनेकांनी धरला म्हणजे काय होते, हे ३१ जुलै २०२४ रोजी दिसले. सी-एज टेक्नॉलॉजीज ही स्टेट बँक आणि टी.सी.एस. यांची संयुक्त कंपनी लहान बँकांना संगणकसेवा पुरवीत असे. तिच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, आणि बाधा पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते अलग केले. सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे ग्राहक त्यामुळे अडले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. अडलेल्या ग्राहकांपैकी कितीजणांना त्या कंपनीचे नाव ठाऊक असेल? त्यांनी पैसे आपल्या बँकेवर विसंबून ठेवले होते. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या निर्देशांत हेच तत्त्व घातले आहे. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बाहेर जात नाही. सेवा देणाऱ्याची तपासणी करण्याचा हक्क राखावा. आणि त्याच्यापासून वेगळे होण्याची योजना आधीच तयार ठेवावी, असे ते निर्देश सांगतात. मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहेत. लहानांना ते लागू नसले तरी शहाणपण लागू आहेच.

या सर्व इतिहासाचे सार काढावयाचे तर ते असे, की बाहेरचा देखभाल करणारा निवडताना त्याच्याशी संबंध जोडणे किती सोपे आहे हे सगळेच पाहतात. संबंध सोडणे किती सोपे आहे हे पाहणारा शहाणा. सर्वांत कमी दराचे टेंडर घेतले आणि दुसऱ्या वर्षी दर दुप्पट झाला, तर ‘नको’ म्हणण्याची शक्ती संस्थेत उरली पाहिजे. ती शक्ती तीन गोष्टींत असते. संस्थेच्या सगळ्या नोंदी दुसऱ्या कोणालाही वाचता येतील अशा साध्या रूपात ठराविक मुदतीने आपल्या हाती येतात काय. प्रोग्रामातील नियम मराठीत, साध्या भाषेत, कागदावर लिहिलेले आहेत काय. आणि आपल्या कचेरीतील निदान दोन माणसांना ते समजतात काय. या तिन्हींना ‘होय’ असे उत्तर असेल, तर दप्तरदार कोणीही असो, दप्तर आपले राहील. एकालाही ‘नाही’ असेल, तर सर्वांत नावाजलेली कंपनीही कुलकर्णीच ठरेल.

आणि केवळ ‘होय’ ऐकून थांबू नये, करून पाहावे. राखीव प्रत घेतली जाते, असे सर्वजण सांगतात. त्या प्रतीवरून एखादे पंधरवड्याचे ऊसबिल दुसऱ्या यंत्रावर काढून पाहिले काय, असे विचारले तर पुष्कळ ठिकाणी शांतता पसरेल. त्यासाठी हंगाम संपल्यावरचे महिने मोकळे असतात. गव्हाण बंद असताना यंत्रांची दुरुस्ती होते, गिरणीचे रोलर उतरवून तपासले जातात. त्याच वेळी प्रोग्रामचीही एकदा अशी चाचणी व्हावी. दप्तरदार बदलावयाचा तोही याच काळात बदलावा, आणि जुना व नवा काही दिवस बरोबर ठेवून दोघांची उत्तरे जुळवून पाहावीत. दोन दप्तरदारांचा काही दिवसांचा दुहेरी खर्च अनेक संचालकांना उधळपट्टी वाटतो. चुकलेल्या बिलांच्या एका पंधरवड्याशी त्याची तुलना करावी, म्हणजे तो हलका वाटेल.

हा प्रश्न आता कारखान्यापुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली; आपल्या विकास सोसायट्या याच वर्गात मोडतात. आज नवी वाटणारी ही प्रणाली वीस वर्षांनी जुनी होईल, आणि तेव्हाच्या चिटणिसाला आज मी विचारलेले प्रश्न पडतील. त्यांची उत्तरे तेव्हा सोपी व्हावीत, असे वाटत असेल तर त्यांची तयारी आज व्हावयास हवी.

सहकारी संस्थेचा मालक सभासद आहे, आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. लाभांश किती, भाव किती, हे आपण विचारतोच. त्यांच्याबरोबर येत्या सभेत आणखी एक साधा प्रश्न विचारावा: आपल्या संस्थेचे दप्तर ज्यांच्याकडे आहे ते उद्या निघून गेले, तर परवा माझे खाते कोण वाचील? संचालकांनी त्याचे उत्तर लगेच दिले, तर आनंद आहे. देता आले नाही, तर पुढील सभेपर्यंत ते शोधून आणावे, असा ठराव मांडावा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यावा.